साडेचौदा

कुताइसीच्या दवाखान्यात मेडिको डॉक्टरीणबाईंनी
बरगड्यांमधल्या खाचेत गार जेल लावलं
आणि यंत्राचं बोट टेकवलं.
टक्. टक्. टक्.
भाडं थकलेल्या घराचं दार वाजवावं तसं.
दहा वेळा ठोकून यंत्रानं आकडा सांगितला :
साडेचौदा.
निरोगी माणसाचं पाचाच्या आसपास असतं म्हणे.

काळजाचा दगड करून राहा,
असं आई म्हणाली होती,
वडील भट्टीवरून घरी आले नाहीत त्या रात्री.
केला, आई.
मोजूनही घेतला.

झेस्टाफोनीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता,
कारखान्याची काळी धूळ तेवढी खिडक्यांवर शिल्लक.
पाचव्या मजल्याच्या जिन्यात आम्ही चौघं,
गोचा, अव्तो, बुखुती, मी,
आणि सुई एक.
मेणबत्तीवर धरायचो कधी,
कधी नुसती शर्टाला पुसायचो,
आणि ताटातला शेवटचा घास सरकवावा तशी
पुढे करायचो : आधी तू.
नाही रे, आधी तू.
पाहुणचाराची रीत आम्हाला घरातूनच होती.

आधी एक सापडला.
त्याचं नाव मोठं, त्याचा धाकही मोठा.
शेजारची डालिको माझा पेला वेगळा ठेवू लागली,
निळ्या कडेचा, टवका उडालेला.
तो रात्रीच्या गोळ्यांनी वठणीवर आला.
दुसरा मात्र वीस वर्षं मुकाट.
ना ताप, ना कळ.
पहिल्यानं पहारेकरी मारले
म्हणून दुसऱ्याला घाई करता आली,
असं बाईंनी कागदावर काढून दाखवलं.
त्यांच्या चित्रातलं यकृत बुटासारखं दिसत होतं.
मी हसलो.
त्या हसल्या नाहीत.

गोचाच्या वर्षदिनाला नोदारकाका उठले, पेला उचलला :
गेलेल्यांसाठी.
या पेल्याला नाही म्हणता येत नाही.
पाण्यानं तर मुळीच नाही,
पाणी म्हणजे शिवी.
सगळ्यांनी पावाच्या तुकड्यावर
चार थेंब सांडले आणि उरलेली प्याले.
मी अख्खा पेला पावावर ओतला.
चादरीवर लाल ओघळ गेला, गोचाच्या आईच्या मांडीपर्यंत.
तिनं माझं डोकं छातीशी धरलं.
तिला वाटलं, माझं प्रेम सगळ्यांहून जास्त.
मी तिला तसं वाटू दिलं.

मग सरकारी गोळ्या आल्या. फुकट.
त्याआधीच्या इंजेक्शनांसाठी अव्तोनं गाडी विकली होती,
गाडीही गेली, तोही.
बुखुतीचं नाव यादीत होतं,
यादी पोचली तेव्हा तो नव्हता.
बाईंनी आधी माझ्या रात्रीच्या गोळ्या बदलल्या,
दोन औषधांचं आपसात जमत नाही म्हणाल्या,
आणि मग चौऱ्याऐंशी दिवस
मी भिंतीवर कोळशानं रेघ ओढत गेलो.
बाविसाव्या दिवशी ओढायची विसरलो,
त्या दिवशी गोळी घेतली की नाही
हे अजून आठवत नाही.

तीन महिने थांबून पुन्हा रक्त दिलं.
कागदावर लिहून आलं : विषाणू आढळला नाही.
जुन्या तपासणीत खूण मरेपर्यंत दिसणार,
आणि पुन्हा सुई धरलीत तर पुन्हा होणार,
बाई बजावत होत्या.
पहिला आहेच. तो राहणार.
दगड थोडा मऊ पडेल कदाचित.
कदाचित, असं त्या दोनदा म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसलो.
हे कुणाला सांगायचं?
बोटांना एकच नंबर पाठ होता,
गोचाच्या घरचा, जुना, पाच आकडी.
आता पुढे आणखी आकडे लावावे लागतात.
लावले.
उचलला कुणा म्हाताऱ्यानं,
बूट दुरुस्तीचं दुकान.
नाव सांगा, झाले असतील तयार.
मी म्हणालो, गोचा.
पलीकडे खोके सरकवल्याचा आवाज,
एखादा बूट खाली पडल्याचा.
या नावाचं काही सापडत नाही हो, तो म्हणाला,
थांबा, मागे बघतो.

मी थांबलो.
तो बराच वेळ शोधत होता.